कडेची पांढरी जागा

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनचं आहे. ताई मला भिंगरी म्हणते ती त्यावरूनच, आणि ऑफिसात मला नकाशावाली म्हणतात ते कामावरून. दोन्ही नावं मी चालवून घेते. पण त्या दिवशी सभागृहात मी खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते ते सवयीने नव्हे, भीतीने.

आधी काय झालं ते सांगते, नाहीतर म्हणाल, ही बाई उगाच तडतडते.

आमच्या भागात चार शहरं आहेत, एकमेकांना खेटून. चौघांचे चार इंजिनीअर. मी त्यांना दिशांनीच ओळखते: उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम. तोंडावर अर्थातच साहेब. प्रत्येकाचा आपापला नकाशा, देखणा, रंगीत, आणि प्रत्येकाची खोड तीच. आपली हद्द संपली की पुढे कागद पांढरा. तिकडे जणू माणसंच राहत नाहीत. आता कुठल्याही शहराला नकोशा गोष्टी असतातच, कचरा, मैला, पाडलेल्या घरांचा राडारोडा. त्या ठेवायच्या कुठे? आपल्या लोकांपासून लांब, म्हणजे हद्दीच्या कडेला, त्या पांढऱ्याला लागून. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, हेही सांगून टाकते. आपणही केर काढला की उंबऱ्याबाहेरच लोटतो.

विभागीय नियोजनाच्या ऑफिसात मला घेतलं ते हे चार नकाशे जोडायला. पहिल्यांदा चारही एका पडद्यावर शेजारी शेजारी बसवले, आणि मी खुर्चीवरून उठलेच. चौघांच्या कडा एकाच माळावर मिळत होत्या. चौघांनी नव्या कचरा डेपोसाठी एकमेकांना न विचारता ज्या चार जागा ठरवल्या होत्या, त्या चारही त्याच माळावर, एकमेकींना चिकटून. तिथे एक जुना खड्डा आधीपासूनच होता. आणि त्याच्या बाजूला एक वस्ती, जी चारांतल्या एकाही नकाशात नव्हती. लोक तिला टोक म्हणतात.

टोकावर माझी ताई राहते. तिचं तिथे पाळणाघर आहे. कामावर जाणाऱ्या बाया सकाळी पोरं आणून सोडतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. तिथल्या जमिनीतलं पाणी पिवळट येतं आणि वास मारतं, त्याने फार तर फरशी पुसावी. म्हणून ताई स्कूटरला दोन कॅन बांधून माझ्या घरी येते. आमच्या घरामागे झाडीत एक जुनी विहीर आहे. सगळी गल्ली तिचं पाणी पिते आणि हळूहळू टोकावरच्या इतर बायाही तिथेच यायला लागल्या. माझ्या सासूबाई म्हणतात, "तुझी ताई तुला भेटायला नाही, विहिरीला भेटायला येते." ताई म्हणते, "विहीर निदान हिच्यासारखी पळत तरी नाही."

तर तो माळ पाहिल्यापासून मी हट्टाला पेटले. चौघांचा मिळून एकच नकाशा करायचा, सगळ्यांना दिसेल असा उघडा. त्यात रस्ते, पाणी, वारा, शेतं, शाळा सगळं एकमेकांना बांधलेलं. एक गोष्ट हलवली की तिच्यामुळे बाकीचं काय काय हलतं ते लगेच दिसावं. चार डेपोंऐवजी चौघांत मिळून एकच, नीट बांधलेला, आणि तो कुठे केला तर सगळ्यात कमी नुकसान होईल ते नकाशाने हिशेब करून एका लाल ठिपक्याने दाखवायचं. ही माहिती लोकांनीच भरायची, आणि नाव लावून भरायची.

एकच नियम मी भांडून घालून घेतला. आपण राहतो त्या जागेबद्दल आपण लिहायचं नाही, शेजारच्या भागातल्या माणसाने लिहायचं. कारण उघड आहे, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. जो तो आपल्या गल्लीला नंदनवन म्हणणार. पश्चिमला स्वतःच्या घरासमोरच्या बागेबद्दल लिहायचं होतं, तर मी भर बैठकीत त्याला गप्प केलं होतं. "साहेब, नियम म्हणजे नियम." त्याचे कान लाल झाले होते आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

आता त्या दिवशीचं. सभागृहात लांब टेबलाभोवती चार दिशा बसलेल्या, टेबलाच्या एका बाजूला अध्यक्षबाई. बाई मितभाषी, चष्म्यावरून बघतात आणि समोरच्याची अर्धी वाक्यं तिथेच विरतात. मागच्या रांगेत वस्त्यांचे प्रतिनिधी, त्यात ताई. टोकाने तिला पाठवलं होतं. तिने केस चापून बसवले होते, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. येताना म्हणाली होती, "भिंगरे, आज तो ठिपका आमच्यावरून हलला नाही तर मी पाळणाघर बंद करणार. दुसरा खड्डा झाला तर कुठली आई तिथे पोर ठेवील?" मी म्हटलं होतं, "हलेल गं. मी आहे ना."

मी बटण दाबलं. ठिपका चौघांनी आधी ठरवलेल्या जागेवर, म्हणजे माळावर उगवला आणि क्षणभर तिथेच थांबला. मग हिशेबात टोकाचं पाणी आलं. वस्ती आहे म्हणजे खालचं पाणी पीत असणार, असं नकाशाने धरलं होतं, आणि ठिपका तिथून सुटला. ताईने सोडलेला श्वास मला खिडकीपाशी ऐकू आला. ठिपका पूर्वेकडे गेला, शाळा लागली, परत फिरला. मग दक्षिण शहराच्या कडेला येऊन थांबला तो थांबलाच. पडीक जमीन, वस्ती नाही, पाण्याचा वापर नाही, रस्ता जवळ.

"छान," अध्यक्षबाई म्हणाल्या. "जागा मोठी करून दाखवा."

मी मोठी केली. आणि मला आमच्या घराचं छप्पर दिसलं.

घरामागची झाडी वरून घेतलेल्या फोटोत हिरवा गोळा दिसत होती. तिच्या पोटातली विहीर दिसत नव्हती. आमच्या गल्लीची नोंद उघडली तर ती कोरी. एक अक्षर नाही. सबंध प्रदेश भरून घेतला होता मी, लोकांच्या मागे लागून, फोनवर शिव्या खाऊन, आणि माझीच गल्ली पांढरी. कसं झालं ते तिथल्या तिथे कळलं. शेजारच्या भागातल्या लोकांना वाटलं, नकाशावालीचंच घर, तिने भरलंच असेल. मला वाटलं, माझं मी भरायचं नाही, कुणीतरी भरलं असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"कुणाला काही माहिती द्यायची आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "नसेल तर ही जागा पक्की करते."

माझं तोंड उघडलं होतं. पण पश्चिम माझ्याकडे बघत होता, टेबलावर बोटं वाजवत. त्याला माझ्या घराचा पत्ता माहीत होता. त्याने आवाज अगदी मऊ केला. "मॅडम, नकाशावालीबाईंना काही सांगायचं असेल तर? पण हो, नियम आहे ना."

मी तोंड मिटलं. स्वतः खणलेल्या खड्ड्यात पडल्यावर दुसऱ्याला काय बोलणार? नियम मोडून सांगितलं असतं तर उद्या प्रत्येकाने स्वतःची बाग, स्वतःचं अंगण पुढे केलं असतं, आणि सगळ्यांचा म्हणून केलेला नकाशा त्याच दिवशी संपला असता. पाय मात्र थांबेनात. खिडकी, दार, खिडकी. सासूबाई आता विहिरीवर असतील, पोहरा सोडताना रोज म्हणतात तसं "हळू बाई, हळू" असं दोराला म्हणत असतील. गल्लीतलं कुणीही या बैठकीत नव्हतं. त्या विहिरीबद्दल माहीत असलेलं, आणि तिथे न राहणारं, सबंध सभागृहात एकच माणूस होतं.

मी ताईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ते मागणंच झालं असतं. तिने बोलावं असं कुठल्या तोंडाने म्हणणार होते मी? ठिपका माझ्या घरामागून उठला तर कुठे जाईल याची खात्री नव्हती, पण ज्या माळावर तो पहिल्यांदा उगवला होता तो ताईलाही दिसला होता. ती गप्प बसली असती तर तिला दोष देणारी मी कोण? ज्याचं जळतं त्याला कळतं. मनातल्या मनात मी तिला गप्प बसायला मोकळं केलं, आणि लगेच मला तिचा राग आला, कारण ती खरंच गप्प होती.

"मग पक्की करू?"

"थांबा," ताई म्हणाली.

ती उभी राहिली. पिशवी खाली पडली, ती तिने उचलली नाही. "तिथे विहीर आहे. त्या झाडीत. चांगलं पाणी आहे तिला, बारा महिने. ते यात नाही."

"तुम्हाला कसं माहीत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी तिथलंच पाणी पिते."

उत्तर पुढे झुकला. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर देताना मी त्याला कधी पाहिलं नाही, पण प्रश्न मात्र नेमके विचारतो. "ही बाई नकाशावालीबाईंची बहीण आहे ना?"

"आहे," ताई म्हणाली. "पण मी तिथे राहत नाही. मी टोकावर राहते. ठिपका हलला तर माझ्या दारात येईल, एवढं मलाही कळतं, साहेब."

अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "नोंद करा." मी संगणकापाशी बसले, कशीबशी. नकाशा प्रश्न विचारतो, तो मीच तसा केलाय. पाण्याचं ठिकाण कोणतं? विहीर. कोण वापरतं? मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, "ती गल्ली. आणि सगळं टोक. पिण्याचं पाणी आम्ही तिथूनच नेतो." मी लिहिलं. तिचं नाव लावलं.

ठिपका माझ्या घरामागून उठला. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची शरमही तेवढ्याच जोरात वाटली. तो सरळ माळावर गेला आणि टोकाशेजारी जाऊन बसला. खाली ओळ उमटली. वस्ती पिण्याचं पाणी बाहेरून आणते. जमीन आधीच खराब आहे. जागा योग्य.

ताईने ती ओळ हळूहळू वाचली, पहिलीतली मुलं वाचतात तशी. मग म्हणाली, "आधीच खराब. ती खराब कुणी केली हे तुझ्या नकाशाला विचारता येतं का गं?"

ती मला उद्देशून म्हणाली, सगळ्यांसमोर. माझ्या डोक्यात तिडीक उठली. तिच्यावर नाही, त्या ओळीवर, जी मीच बसवली होती. खराब जमिनीला जास्त गुण, म्हणजे चांगली जमीन वाचते, असं मी मोठ्या शहाणपणाने ठरवलं होतं. खरं बोलण्याचं हे बक्षीस. माणसाने सगळं नीट सांगावं, आणि नकाशाने तेच त्याच्या गळ्यात बांधावं.

"एक मिनिट," मी म्हणाले. आवाज चढला होता, चढू दिला. "टोकाखालचं पाणी पुढे जातं कुठे?"

चारही दिशांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

"मॅडम, नकाशात ही जागा कोरी आहे. जमिनीखालून पाणी कुठे वाहतं ती माहिती मी मागून मागून थकले. खड्ड्याच्या आजूबाजूला भोकं पाडून तपासणी झालेली आहे. ती उत्तर साहेबांच्या ऑफिसने केली. आणि त्यांच्याकडेच आहे."

"ते आमच्या अंतर्गत वापरासाठी आहे," उत्तर म्हणाला. "जुनं आहे. अपुरं आहे. उगाच लोकांत घबराट नको."

"कुठे आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"शोधावं लागेल. संबंधित माणूस रजेवर आहे."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मग आपण सगळे बसू, तो येईपर्यंत. दार लावून घ्या."

पूर्वने घड्याळ बघितलं. दक्षिणने उसासा टाकला. मग उत्तरने आपला लॅपटॉप उघडला. माहिती त्यातच होती, पहिल्यापासून, हाताच्या अंतरावर. मी ती घेतली तेव्हा त्याच्याकडे बघून एक शब्द बोलले नाही. माझ्या मानाने ती कमाल होती.

पडद्यावर खड्ड्यापासून एक निळी रेघ निघाली. उताराने खाली, टोकाच्या घरांखालून, मग रस्ता ओलांडून दक्षिणेकडे. नकाशाला घाई नसते, मलाच असते. मी उभी राहिले. रेघ आमच्या गल्लीत शिरली, झाडीत गेली आणि ताईने आत्ता पाच मिनिटांपूर्वी लिहवून घेतलेल्या विहिरीत जाऊन संपली.

विहीर नोंदलेली नसती तर ती रेघ पडीक जमिनीत कुठेतरी विरून गेली असती आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. आता लाल ठिपका थरथरला आणि विझला. खाली लिहून आलं: योग्य जागा नाही.

"म्हणजे?" दक्षिणने विचारलं. "मग आमचा कचरा कुठे टाकायचा?"

"कुठेतरी टाकायचा, हा विचारच आता बंद करा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कमी कसा करायचा, आपापल्या हद्दीत कसा जिरवायचा, ते पुढच्या बैठकीत घेऊन या. माळावर नवीन काही होणार नाही. तो खड्डा चौघांनी मिळून उपसायचा. तोवर तिथे एकही गाडी जाणार नाही. हे लिहून घ्या, आणि चौघांनी आपली नावं लावा."

चौघांनी लावली. पश्चिमने लावताना माझ्याकडे बघितलं नाही, आणि मीही त्याला बघायला लावलं नाही.

मी टोकाला वाचवलं, गल्ली वाचवली, जिंकले, असं वाटायला हवं होतं. जिन्यावरून उतरताना मात्र मी ताईच्या मागेच राहिले. ताई कठडा धरून एकेक पायरी उतरत होती.

"का बोललीस?" मी विचारलं. "गप्प बसली असतीस तर सुटली होतीस."

"सुटले असते आणि मग? दर खेपेला तुझ्या सासूच्या हातून पोहरा घेताना काय सांगितलं असतं त्यांना?"

"पण तुझ्यावर आलं असतं ना."

"आलंच होतं की. तू आडवी पडलीस म्हणून गेलं." ती थांबली. "ती रेघ. किती पुढे आली असेल?"

हाच प्रश्न मी संगणक बंद केल्यापासून मनात घोळवत होते. उत्तरची मापं जुनी होती. त्या वेळी घाण अर्ध्या वाटेवर पोहोचली होती. त्यानंतर कुणीच बघितलं नव्हतं, आणि खड्ड्यात गाड्या रोज रिकाम्या होत होत्या. "माहीत नाही," मी म्हणाले. हे वाक्य बोलायची मला सवय नाही.

घरी आलो तेव्हा सासूबाई विहिरीवरच होत्या. ताईचे दोन्ही कॅन त्यांनी धुऊन काठावर पालथे घातले होते. "झाली का बैठक? काय ठरलं?" त्यांनी विचारलं. ताईच म्हणाली, "डेपो होत नाही आमच्याकडे." सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई," आणि पोहरा खाली सोडला. "हळू बाई, हळू."

पाणी वर आलं. निवळ, थंड, नेहमीसारखं. मी ओंजळीत घेऊन वास घेतला. काहीच कळलं नाही. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, ही काय नवीन तऱ्हा म्हणून. मग मी त्यांना सगळं सांगितलं, खड्डा, उतार, रेघ. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर त्या काठावर बसल्या आणि दोर हातात तसाच धरून राहिल्या.

"म्हणजे आडातच आलं असेल, तर पोहऱ्यात येणारच," त्या म्हणाल्या.

"आलंच असेल असं नाही. तपासायला देते आजच. अहवाल यायला वेळ लागेल."

ताईने एक कॅन भरला आणि माझ्यापुढे सरकवला. "हा तपासायला ने." मग दुसरा पोहऱ्याखाली धरला.

"ताई, हा नको नेऊस. अहवाल येऊ दे."

तिने हात थांबवला. पाळणाघरातली सगळ्यात धाकटी पोर अजून दुधावर आहे, ते दूध याच पाण्यात कालवतात, हे मला माहीत होतं आणि तिला माहीत होतं की मला माहीत आहे.

"बरं," ती म्हणाली. "मग तोवर त्यांना काय पाजू?"

सासूबाई उठल्या, त्यांनी तो कॅन भरला, झाकण लावलं, पण तो ताईला देववेना म्हणून स्वतःच्या पायाशी ठेवला. ताई स्कूटरपाशी गेली, रिकाम्या कॅरिअरला दोरी गुंडाळली आणि तशीच उभी राहिली. पहिल्यांदाच मी एका जागी उभी होते, आणि मला हलता येत नव्हतं.